कंपनीतली सिस्टर फक्त पट्टी बांधायला नसते

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, कुठल्याही एमआयडीसीत जा आणि गेटवर उभ्या असलेल्या कामगाराला विचारा की बाबा तुमच्या कंपनीत सिस्टर काय करते, तर उत्तर ठरलेलं आहे. "कटलं-फाटलं तर पट्टी बांधते, डोकं दुखलं तर गोळी देते." मॅनेजरला विचारलं तर तो म्हणेल ऑडिटसाठी लागते. दोघंही खोटं बोलत नाहीत, पण खरं काम दोघांनाही दिसलेलं नसतं, आणि ते दिसत नाही म्हणूनच त्याचा फायदाही पूर्ण घेतला जात नाही. मी आधी हॉस्पिटलमध्ये वॉर्डात होते आणि आता एमआयडीसीत ऑक्युपेशनल हेल्थ नर्स म्हणून काम करते, तर हे काम नेमकं काय असतं ते जमेल तितकं सोपं करून सांगते.

हॉस्पिटलमधल्या नर्सकडे माणूस आजारी पडल्यावर येतो. कंपनीतल्या नर्सकडे जी माणसं असतात त्यातली बहुतेक धडधाकट असतात, रोज कामावर येतात, आणि तिचं काम हे की ती तशीच राहावीत, निदान कामामुळे तरी बिघडू नयेत. म्हणजे तिला दोन गोष्टी एकाच वेळी कळायला लागतात, माणसाचं शरीर आणि त्या माणसाचं काम. शरीर नर्सिंग कॉलेजात शिकवतात. काम मात्र शॉप फ्लोअरवर जाऊन, मशीनजवळ उभं राहून, माणूस वाकतो कसा, उचलतो काय, नाकात काय जातं, कानावर काय पडतं हे बघूनच कळतं. म्हणून जी सिस्टर दिवसभर तिच्या खोलीतच बसून असते (किंवा तिला बसवून ठेवलेलं असतं) तिला अर्धंच काम करू दिलंय असं मी म्हणेन.

ही कल्पना नवी नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने १७०० सालीच लिहून ठेवलं की पेशंटला बाकी सगळं विचारता तसं "तू काम काय करतोस" हेही विचारा. पुढे इंग्लंडमध्ये नॉर्विचला मोहरीचा कारखाना होता कोलमन्सचा, त्यांनी १८७८ मध्ये फिलिपा फ्लॉवरडे नावाच्या नर्सला नोकरीवर ठेवलं, ती सकाळी कारखान्यात डॉक्टरला मदत करायची आणि मग आजारी कामगारांच्या घरी जाऊन बघायची. इंडस्ट्रियल नर्सिंगची सुरुवात म्हणून तिचं नाव घेतात. आणि आपल्या नागपुरात बघा, एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, म्हणजे त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. मिल गेली, पण कापसाच्या धुळीचा प्रश्न विदर्भातून गेला नाही, जिनिंग-प्रेसिंग आजही चालतंच.

त्या कापसाच्या धुळीवरूनच या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट समजते. कापूस, ताग असल्या धुळीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो आणि त्याची खासियत अशी की सुरुवातीला छाती आवळल्यासारखी होते ती सोमवारी, म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आणि जसजसा आठवडा पुढे जातो तसं बरं वाटायला लागतं. माणसाला वाटतं रविवारी काहीतरी खाल्लं असेल, थंडी बाधली असेल. वर्षं गेली की मग रोजच दम लागतो आणि तेव्हा फुप्फुस परत आणता येत नाही. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप किंवा पत्रा वेल्डिंग करणाऱ्यांचंही काहीसं असंच, त्या जस्ताच्या धुरामुळे काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. आणि हाही ताप सुट्टीनंतर कामावर आल्यावर जास्त येतो. पावसाळ्यात असा माणूस बाहेरच्या दवाखान्यात गेला तर मलेरियाची टेस्ट होते, निगेटिव्ह येते, व्हायरल म्हणून गोळ्या देऊन पाठवतात. त्या डॉक्टरचीही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही ना की हा काल बंद टाकीत शिरून जीआयचं वेल्डिंग करून राहिला होता.

म्हणून मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतेच विचारते, सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं? गावाला गेलात आठ दिवस तेव्हा खोकला होता का? खाज होती का? डोकं दुखत होतं का? सुट्टीत कमी आणि कामावर आलं की जास्त, असं उत्तर आलं की माझं लक्ष माणसावरून उठून त्याच्या कामाच्या जागेकडे जातं. बिसिनोसिससारख्या आजारात उत्तर थोडं वेगळं येतं, सुट्टीनंतरचा पहिला दिवस वाईट, पण प्रश्न तोच. फुकटचा प्रश्न आहे, कुठलं मशीन लागत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे रजिस्टर. ओएचसीत, म्हणजे ऑक्युपेशनल हेल्थ सेंटरमध्ये, रोज कोण आलं कशाला आलं ते लिहितात. बहुतेक ठिकाणी नाव, टोकन नंबर, तक्रार, औषध एवढेच रकाने असतात आणि त्यातून गोळ्यांचा हिशोब सोडून काहीच कळत नाही. त्यात डिपार्टमेंट, नेमकं कोणतं काम, कोणती शिफ्ट एवढं वाढवलं तरी तेच रजिस्टर बोलायला लागतं. एक उदाहरण नीट सांगते. पेंट लाइनवरचा एक पोरगा आला, "सिस्टर, हाताले खाज सुटून राहिली, मलम द्या." हात बघितला तर बोटांच्या मध्ये, मनगटापर्यंत कातडी कोरडी, लाल, चिरा पडलेल्या. मलम दिलं. दोन दिवसांनी त्याच लाइनवरचा दुसरा, मग तिसरा. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे आले म्हणून कोणाच्या लक्षात येणार नाही, पण रजिस्टरमध्ये एकाखाली एक दिसलं. शिफ्ट सुटायच्या टायमाला मी तिकडे जाऊन उभी राहिले. हात धुवायच्या बेसिनवर साबणच नव्हता, किती दिवसांपासून नव्हता ते कोणाला आठवतही नव्हतं, आणि पोट्टे कॉटन वेस्टवर थिनर ओतून कोपरापर्यंत हात पुसून राहिले होते. थिनरने रंग मस्त निघतो, पण कातडीवर जे नैसर्गिक तेल असतं तेही सगळं ओढून काढतो, मग कातडी फाटते आणि त्या फटीतून पुढचं केमिकल आत शिरतं. शिवाय थिनर कातडीतून थोडा थोडा रक्तातही जातो. आता यांना मी वर्षभर मलम देत बसले असते तरी काय झालं असतं? इलाज बेसिनवर होता. रंग काढायची हँड क्लीनर पेस्ट आणि साबण स्टोअरमधून नियमित येईल एवढी व्यवस्था सुपरवायझरकडून करून घेतली, आणि नवीन तक्रारी बंद झाल्या.

यातच या क्षेत्रातला एक मोठा नियम येतो, तो असा की धोका आधी जागेवरच कमी करा, माणसाच्या अंगावर साधनं चढवणं सगळ्यात शेवटी. पहिलं म्हणजे ती घातक वस्तू वापरायची गरजच आहे का ते बघा, नसेल तर काढून टाका. नाही जमलं तर कमी घातक वस्तू आणा. तेही नाही तर मशीनला झाकण लावा, धूळ ओढणारा एक्झॉस्ट बसवा, पाणी मारून धूळ दाबा. मग कामाचे तास, पाळी, विश्रांती यात बदल करा. आणि मग मास्क, हातमोजे, गॉगल. आपल्याकडे उलटं होतं, पहिल्याच दिवशी मास्क हातात देतात आणि विषय संपला समजतात. त्यात तो मास्क कापडाचा किंवा साधा सर्जिकल असेल तर दगडाच्या, सिलिकाच्या बारीक धुळीला तो अडवतच नाही. उमरेड रोडला पाचगावकडे गिट्टी खदानी आणि क्रशर आहेत, तिथे तोंडाला दुपट्टा बांधून काम करणारी माणसं दिसतात, दुपट्ट्याने नाकात कचरा जात नाही एवढंच, जी धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते. सिलिकोसिसला औषध नाही. झाला की झाला, आणि वर टीबी व्हायचा धोका वाढतो तो वेगळाच.

तपासण्यांबद्दल लोकांचे खूप गैरसमज आहेत म्हणून इथे जरा थांबते. कामावर लागताना एक तपासणी होते आणि मग ठराविक काळाने परत होते. कामगारांना वाटतं कंपनी आपल्याला काढायला बघून राहिली, कंपनीला वाटतं कागद पूर्ण झाला. पहिल्या तपासणीचा खरा उपयोग हा की ती तुमची बेसलाइन असते, म्हणजे या कामाला हात लावण्याआधी तुमचे कान, फुप्फुस, रक्त कसं होतं त्याचा पुरावा. पाच वर्षांनी कान कमी झाला तर तो कामामुळे झाला की आधीच होता हे त्याच कागदावरून ठरतं. म्हणजे तो कागद कंपनीपेक्षा कामगाराच्या जास्त कामाचा.

कानाचं घ्या. ऑडिओमेट्रीत हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटन दाबायचं. मोठ्या आवाजाने कान खराब व्हायला लागतो तेव्हा सगळा एकदम खराब होत नाही, आधी ४००० हर्ट्झच्या आसपास ग्राफमध्ये खड्डा पडतो. त्या टायमाला माणसाला रोजच्या बोलण्यात काहीच जाणवत नाही, म्हणून तो म्हणतो "आमाले सवय झाली आवाजाची". सवय होत नाही हो, आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, पायवाटेवरचं गवत रोज तुडवलं की काही दिवसांनी तिथे उगवणंच बंद होतं ना, तसं, आणि त्या परत येत नाहीत. दुसरी गोष्ट, ही टेस्ट शिफ्ट संपल्यावर करायची नसते, कारण दिवसभर आवाजात राहिलं की कान तात्पुरता मंद होतो आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा वाईट येतो. निदान चौदा-सोळा तास आवाजापासून लांब राहिल्यावर, म्हणजे सकाळी कामावर चढायच्या आधी करायला पाहिजे. कंपनीत कॅम्प लावतात आणि प्रॉडक्शन थांबू नये म्हणून माणसाला प्रेस शॉपमधून सरळ उठवून आणून हेडफोन लावतात, त्या रिपोर्टला काही अर्थ नाही हे मी तोंडावर सांगते.

आवाज जास्त आहे की नाही हे ओळखायची साधी खूण अशी, हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे समजा. आपल्या फॅक्टरी नियमांत आठ तासांसाठी ९० ची मर्यादा धरतात, पण कानाला त्रास त्याच्या खालीही होतो, म्हणून ८५ लाच सावध झालेलं बरं. आणि इअर प्लग. कामगार तो कानाच्या तोंडावर नुसता टेकवतात, अर्धा बाहेर लोंबत असतो. फोमचा प्लग आधी बोटांत वळून बारीक करायचा, मग दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा येतो. हे शिकवायला एका माणसामागे दोन मिनिटं लागतात, पण एकेकाला हातात घेऊन शिकवावं लागतं, पोस्टर लावून होत नाही.

फुप्फुसाची टेस्ट स्पायरोमेट्री, तिथेही तेच. पूर्ण श्वास भरून झटक्यात जोराने फुंकायचं आणि सहा सेकंद तरी फुंकतच राहायचं, असे तीन चांगले प्रयत्न पाहिजेत. माणूस लाजतो, हळू फुंकतो आणि रिपोर्ट खराब येतो, किंवा घाईत एकच फुंक घेऊन पुढचा बोलावतात. टेस्ट घेणारा उभा राहून "अजून, अजून, अजून" म्हणत ओरडत असेल तर समजा बरोबर करून राहिला.

आता आपल्या नागपूरचा खास विषय, ऊन. मे महिन्यात ४५ पार जाणं इथे बातमी नसते, ४७ पण बघितलंय, आणि नवतपा (मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की विचारूच नका. महापालिकेचा हीट ॲक्शन प्लॅन २०१६ पासून आहे पण कारखान्याच्या आत काय होतं ते कारखान्यालाच बघावं लागतं. फाउंड्री, फर्नेस, पत्र्याच्या शेडमधलं गोडाऊन, ट्रक लोडिंगचं यार्ड, इथे बाहेरच्या तापमानात आतली गरमी मिळते. म्हणूनच नुसता थर्मामीटर पुरत नाही, हवेतला दमटपणा, वारा आणि भट्टीतून येणारी झळ हे सगळं धरून एक आकडा काढतात, त्याला वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर म्हणतात, आणि काम किती आणि आराम किती हे त्यावरून ठरवतात. पावसाचा पहिला शिडकावा पडून गेला की तापमान उतरतं पण दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, म्हणून जूनमधल्या त्या दिवसांत लोक निर्धास्त होतात तेव्हाच मी जास्त फेऱ्या मारते.

उन्हात सगळ्यात धोक्यात कोण असतं? म्हातारा, बीपीवाला, दारू पिणारा, हे तर आहेतच. पण त्यांच्याइतकाच धोक्यात असतो नवीन लागलेला तरुण पोरगा. शरीराला गरमीत काम करायची सवय लागायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोपर्यंत घाम नीट सुटत नाही, मीठ जास्त जातं, हृदय जास्त धडधडतं. उन्हाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये कामाच्या पहिल्या काही दिवसांतले खूप असतात. म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या वीस टक्केच गरमीत द्यायचं आणि मग रोज वीस-वीस टक्के वाढवायचं अशी पद्धत सांगतात. गावाला लग्नाला जाऊन आलेल्या जुन्या माणसालाही परत सवय लागू द्यावी लागते, त्याला अर्ध्यापासून सुरू केलं तरी चालतं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, नवीन आहे ना, दाखवू दे दम, म्हणून त्यालाच यार्डात पाठवतात. सुपरवायझरशी माझं दरवर्षी एप्रिलमध्ये यावरून बोलणं होतं आणि खरं सांगते, गोळ्या वाटण्यापेक्षा हे बोलणं जास्त जीव वाचवतं.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास. मठ्ठा, पन्हं, लिंबूपाणी मीठ टाकून, सगळं चांगलं, नुसता चहा नाही. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना मी हसत नाही, ठेवा, पण पाणी सोडू नका. आणि एखादा उन्हात गडबडल्यासारखा बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना, तर तो दमला नाही, त्याला उष्माघात होऊन राहिला. अशा वेळी घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, घाम बंद झाला तरच उष्माघात हे डोक्यातून काढा. पहिलं काम गाडी बोलावणं आणि त्याच मिनिटाला थंड करणं सुरू करणं. सावलीत आणा, कपडे सैल करा, गार पाणी अंगावर ओतत राहा, पंख्याची हवा लावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. बुटीबोरीवरून नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला पोचायला वेळ लागतो, तो वेळ रिकामा जाऊ द्यायचा नाही, कारण मेंदू आणि किडनीचं नुकसान शरीर किती वेळ तापलेलं राहिलं त्यावर ठरतं.

दुसरा आपला खास विषय खर्रा, म्हणजे पन्नीत घासून केलेलं सुपारी-तंबाखूचं मिश्रण. यावर बोललं की लोक कान बंद करतात म्हणून मी वेगळ्या बाजूने सांगते. सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे, तंबाखू सोडली तरी, हे जगभरात मान्य झालेलं आहे. मी तपासणीत प्रत्येकाला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगते. जात नसतील तर गाल आतून कडक होऊन राहिले, तिखट लागलं की आग होते ना, तेही त्याचंच. हा झाला नेहमीचा भाग. पण कंपनीतल्या नर्सला अजून एक दिसायला पाहिजे. बॅटरीच्या, शिशाच्या कामावरचा माणूस त्याच हाताने पन्नी घासतो, तोच खर्रा बोटांनी उचलून तोंडात टाकतो, म्हणजे हातावरची शिशाची धूळ सरळ पोटात. मग पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, रक्त कमी. तो बाहेर जाऊन गॅसचं औषध घेतो, महिनोन्‌महिने घेतो. रक्तातलं शिसं तपासलं तर एका टेस्टमध्ये कळतं. मास्क एकदम भारी दिलाय, एक्झॉस्ट चालू आहे, तरी आकडा खाली येत नाही म्हटल्यावर मी पहिले त्याचा खिसा बघते. आणि खाण्याची जागा वेगळी, हात धुवायची सोय त्याच्या दारात, कामाचे कपडे घरी न नेणं, कारण घरी लहान पोरं असतात आणि शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूला जास्त होतो.

खाणींचं जग थोडं वेगळं आहे, तिथे प्रवेशावेळची आणि दर पाच वर्षांची तपासणी खाण नियमांतच बसवलेली आहे. वेकोलि (कोळसा खाणींची कंपनी) आणि मॉइल (मँगनीज खाणींची) दोघांचीही मुख्य ऑफिसं नागपुरात, त्यामुळे आपल्याकडे घराघरात कोणीतरी खाणीत असतं. कोळशाची धूळ सगळ्यांना माहीत आहे. मँगनीजचं कमी जणांना माहीत आहे, त्याची धूळ किंवा धूर वर्षानुवर्षं शरीरात गेला की मेंदूवर परिणाम होतो, चाल बदलते, चेहरा निर्विकार होतो, हात कापतात, अगदी पार्किन्सनसारखं. अशा माणसाच्या घरचे म्हणतात स्वभाव बदलला, चिडका झाला. ते ऐकून घेणारं कोणीतरी लागतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. हे सगळं चालतं ते एकाच गोष्टीवर, कामगाराने सिस्टरला खरं सांगायला पाहिजे. आणि तो खरं केव्हा सांगेल, जेव्हा त्याला खात्री असेल की मी जे बोललो ते एचआरच्या टेबलावर जाणार नाही. नियम साधा आहे आणि तो पाळलाच पाहिजे, आजाराचं नाव, रिपोर्ट, गोळ्या हे नर्स आणि फॅक्टरी मेडिकल ऑफिसर यांच्यातच राहतं. मॅनेजमेंटला कळवायचं ते एवढंच, या कामाला फिट, या अटींवर फिट, किंवा सध्या अनफिट. उदाहरणार्थ, एखाद्याला मिरगीचे झटके येतात, तर एचआरला चिठ्ठी जाते की याला उंचीवर, क्रेनवर आणि फिरत्या मशीनवर ठेवू नका. का, ते लिहायचं नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे, नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी ती टेस्ट सक्तीची करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाला सांगताही येत नाही. मला एका ठिकाणी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायच्या आधी शुगर-बीपीवाल्यांची यादी मागितली होती. दिली नाही. त्या वेळचे डॉक्टर पाठीशी उभे राहिले म्हणून निभलं, पण प्रत्येक सिस्टरच्या पाठीशी असं कोणी असतंच असं नाही, आणि पगार तर कंपनीच देते. हा ताण या नोकरीत कायमचा आहे, तो नाही असं दाखवण्यात अर्थ नाही.

कामगारांनीही एक समजून घ्या, सिस्टर डॉक्टर नाही. ती मेडिकल ऑफिसरने ठरवून दिलेल्या चौकटीत औषध देते, "एक इंजेक्शन मारून द्या ना ताई" म्हटलं म्हणून मारणार नाही. रोज पेनकिलर मागायला येणाऱ्याला ती देत नसेल, उलट "कंबर कधीपासून दुखते, गोणी किती किलोची, दिवसात किती उचलता" असे प्रश्न विचारत असेल तर चिडू नका, ती नेमकं तिचं कामच करून राहिली.

कायद्याचं थोडक्यात. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट इतकी वर्षं होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले. ५०० च्या वर कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम पाहिजे, हे जुन्यातही होतं आणि नव्यातही आहे. चाळिशीच्या वरच्या कामगारांची दरवर्षी फुकट तपासणी हे नवीन कोडसोबत सरकारने सांगितलंय. आणि शिसं, मँगनीज, सिलिकोसिस, बिसिनोसिस, आवाजाने आलेला बहिरेपणा असे आजार कायद्याच्या यादीतच आहेत, ते सापडले की सरकारला कळवणं बंधनकारक आहे. सोमवारीपेठेतल्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या हॉस्पिटलात दाखवायला जाल तेव्हा तिथल्या डॉक्टरला आपणहून सांगा की मी अमुक काम करतो, अमुक धुळीत, इतक्या वर्षांपासून. कारण कामामुळे झालेला आजार आहे हे सिद्ध झालं तर भरपाईचा हक्क वेगळा असतो, आणि केसपेपरवर कामाचा उल्लेखच नसेल तर पुढे भांडायला काही हातात राहत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ठेकेदाराच्या माणसांची. सफाई, लोडिंग, शटडाऊनमधलं (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतो तेव्हाचं) टाकी साफ करायचं काम, सगळ्यात घाण आणि धोक्याचं काम तेच करतात, आणि रजिस्टरमध्ये त्यांची नावं सगळ्यात कमी. "मी कंपनीचा नाही ना मॅडम, मला चालते का यायला?" असं दारात उभं राहून विचारतात. चालते. त्या गेटच्या आत जे काम करून राहिले त्या सगळ्यांसाठीच ती खोली आहे. पण सहा महिने हिंगण्याला, मग बुटीबोरीला, मग कोराडीच्या वीज केंद्रातल्या शटडाऊनला, असं फिरणाऱ्या माणसाची फाइल त्याच्याबरोबर फिरत नाही, प्रत्येक ठिकाणी तो नवाच असतो, आणि दहा वर्षांची धूळ कोणाच्याच हिशोबात येत नाही.

म्हणून कायम असा की ठेक्यावर, आपल्या तपासणीच्या कागदांची कॉपी मागून घ्या, तो रेकॉर्ड बघायचा हक्क तुमचा आहे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, त्यावर तारीख, कंपनी आणि डिपार्टमेंट लिहा, आणि नवीन ठिकाणी लागलात की तिथल्या सिस्टरला दाखवा. कानाचा किंवा फुप्फुसाचा रिपोर्ट म्हणून कोणी नुसतं "नॉर्मल" लिहिलेलं सर्टिफिकेट हातात दिलं तर आकडे आणि ग्राफ असलेला कागद मागा, पुढच्या वर्षी तुलना त्या आकड्यांशीच करता येते.